बिनमाशाची मासळी : सारा खेळ प्रथिनांचा

मासळीची नक्कल करणे हा परदेशातला आणि कालपरवाचा उद्योग आहे, अशी आपली एक समजूत असते. ती निदान रत्नागिरीत तरी टिकण्यासारखी नाही. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत गद्रे मरीनच्या कारखान्यात नव्वदच्या दशकापासून 'सुरिमी' तयार होते आहे. या सुरिमीपासूनच क्रॅब स्टिक, म्हणजे खेकड्याची कांडी, बनते. जगभर विकल्या जाणाऱ्या या कांडीचा रंग खेकड्याचा, धागे खेकड्याचे आणि वासही खेकड्याचा असतो. खेकडा मात्र तिच्यात बहुधा नावापुरताच असतो किंवा मुळीच नसतो. राणी मासा, ढोमा, चोर बोंबील असल्या कमी भावाच्या मासळीला महागड्या खेकड्याचे रूप देण्याची ही विद्या रत्नागिरीला चांगली अवगत आहे.

आता या नकलेची पुढची पायरी आली आहे. तिच्यात खेकडा तर नाहीच, पण मासाही नाही. सोयाबीन, वाटाणा, मूग, गव्हातले ग्लुटेन यांपासून कोळंबी, ट्यूना, फिश फिंगर बनवण्याचे प्रयत्न गेली काही वर्षे जगात चालू आहेत. भारतातही वनस्पतिजन्य 'मांसा'ची पाकिटे मोठ्या शहरांतल्या शीतकपाटांत आली आहेत. २०२२ साली केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 'वीगन' पदार्थांसाठी स्वतंत्र नियम केले आणि त्यांना वेगळे चिन्हही दिले. मासळीवर जगणाऱ्या किनाऱ्याने या सगळ्याकडे कसे पाहावे? थट्टेवारी न्यावे, की धास्ती घ्यावी? उत्तर द्यायचे तर आधी एक साधा प्रश्न विचारावा लागतो. या पाकिटातला 'मासा' नेमका कोणत्या प्रथिनाचा आहे? त्याचा घास, त्याची चव, त्याची किंमत आणि त्याचा अंगाला लागणारा गुण या सगळ्यांची किल्ली तिथेच आहे.

धुऊन काढलेला मासा

सुरिमी कशी होते हे पाहिले म्हणजे प्रथिनांचा हा खेळ ध्यानात येतो. मासा साफ करून, काटे वेगळे करून त्याचा खिमा करतात. हा खिमा थंडगार पाण्याने पुनःपुन्हा धुतात. या धुण्यात रक्त, चरबी, रंग, वास आणि पाण्यात विरघळणारी प्रथिने निघून जातात. मागे उरतो तो पांढरा, जवळजवळ बेचव लगदा. अख्ख्या माशाच्या वजनाच्या साधारण पाव हिश्शाइतकाच माल हाती लागतो. या लगद्यात मुख्यतः स्नायूंची प्रथिने असतात आणि त्यांत महत्त्वाचे असते मायोसिन. त्याचे रेणू लांबट, दोऱ्यासारखे असतात. दोन-तीन टक्के मीठ घालून लगदा घोटला की हे दोरे सुटे होतात, लगदा चिकट बनतो. मग उष्णता दिली की दोरे एकमेकांत गुंतून त्यांची जाळी तयार होते आणि त्या जाळीत पाणी अडकून राहते. कांडी चावताना दाताखाली जी लवचिकता जाणवते, ती या जाळीची करामत.

जपान्यांनी या विद्येची स्वतंत्र परिभाषाच घडवली आहे. चाळीस अंशांच्या आसपास लगदा हळूहळू घट्ट होतो, त्याला ते 'सुवारी' म्हणतात, म्हणजे बसणे. पन्नास ते साठ अंशांच्या दरम्यान रेंगाळला तर माशातलीच विकरे जाळी तोडू लागतात आणि माल पुन्हा मऊ पडतो. ती 'मोदोरी', म्हणजे मागे फिरणे. आपल्या उष्ण समुद्रातल्या काही माशांत हा दोष अधिक असतो, म्हणून या टप्प्यातून लगदा झटकन पुढे न्यावा लागतो किंवा त्यात अंड्याचा पांढरा बलक घालून विकरांना आवर घालावा लागतो. मालाची परीक्षाही मोठी मजेशीर असते. शिजवलेल्या सुरिमीची तीन मिलिमीटर जाडीची चकती कापायची आणि तिची रुमालासारखी घडी घालायची. दोनदा घडी घालूनही चकती चिरली नाही, तर माल पहिल्या प्रतीचा.

या सगळ्यातून निघणारे तात्पर्य असे की, माशाचा घास आणि माशाची चव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घास प्रथिनाच्या जाळीत असतो. चव पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यांत आणि चरबीत असते, आणि ती सुरिमीच्या कारखान्यात पाण्याबरोबर वाहून जाते. नंतर खेकड्याची चव वरून घातली जाते. मग ही जाळी माशाच्याच प्रथिनाची कशाला हवी, असा प्रश्न कुणाला पडला तर तो गैर म्हणता येणार नाही.

कडधान्याची अडचण

परंतु कडधान्याचे प्रथिन आणि माशाचे प्रथिन यांत मूळचाच फरक आहे. मासा आपले प्रथिन हालचालीसाठी बाळगतो. ते धाग्यांचे असते, ताणले जाते, आखडते. दाण्यातले प्रथिन हे रोपट्याच्या बाळपणासाठी साठवलेले अन्न. ते गोळ्यांच्या रूपात गच्च गुंडाळून ठेवलेले असते. त्याचा धागा करायचा तर आधी तो गोळा उलगडावा लागतो. त्यासाठी प्रथिनाचे पीठ आणि पाणी यंत्रात घालून दाबाखाली सुमारे १३० ते १५० अंशांपर्यंत तापवतात आणि एका थंड, लांबट मुखातून पुढे ढकलतात. या प्रवासात प्रथिने एका दिशेने पसरून थरांचे तंतू होतात. बाजारातल्या सोयाच्या वड्या याच कुळातल्या. फक्त त्या कोरड्या आणि फुगवलेल्या असतात.

एवढे करूनही जे हाती येते ते कोंबडीच्या जवळ जाते, माशाच्या नाही. याचे कारण माशाच्या रचनेत आहे. माशाचे स्नायू आखूड असतात आणि पापुद्र्यांसारखे रचलेले असतात. दोन पापुद्र्यांमधला पातळ पडदा कोलॅजेनचा असतो आणि माशाचे कोलॅजेन थोड्याशा उष्णतेनेही विरघळते. म्हणून शिजलेल्या सुरमईची तुकडी बोट लावताच पापुद्र्यापापुद्र्याने सुटते. कोळंबीचे अंग दाट आणि ताठ, म्हणून ती दाताखाली कट्कन तुटते. माकूलचे तंतू आडवे-उभे विणलेले आणि कोलॅजेनही जास्त, म्हणून तो चिवट. बोंबील तर निम्म्याहून कितीतरी अधिक पाणीच. 'मासळी' या एका शब्दात आपण किती घास कोंबतो, हे नक्कल करणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळते.

आता एकेक प्रथिन पाहू. सोयाबीनचे प्रथिन घट्ट आणि पाणी धरून ठेवणारे. त्यात मुख्यतः दोन प्रकार असतात. एकाची जाळी कडक होते, दुसऱ्याची मऊ आणि लवचिक. त्यांचे प्रमाण बदलले की घास बदलतो. गव्हातले ग्लुटेन रबरासारखे ताणले जाते. चीनमधल्या बौद्ध मठांच्या शाकाहारी स्वयंपाकात त्याचा वापर पूर्वापार आहे. माकूलसारख्या चिवट घासाला ते चालेल, पापलेटला नाही. वाटाण्याचे प्रथिन आज जगात लोकप्रिय आहे, पण त्याची जाळी सोयाच्या मानाने दुबळी आणि चवीला किंचित कडसर. मुगाचे प्रथिन वासाला सौम्य आणि उष्णतेने छान बसणारे. अमेरिकेतल्या 'न्यू वेव्ह फूड्स' या कंपनीने मुगाचे प्रथिन आणि समुद्रशेवाळातला चिकट अंश यांतून कोळंबी बनवली होती; कंपनी मात्र पुढे टिकली नाही. तिथल्याच 'गुड कॅच'ने एका दाण्यावर भिस्त न ठेवता वाटाणा, सोयाबीन, छोले, मसूर, बाकला आणि पांढरा घेवडा अशी सहा कडधान्ये एकत्र करून ट्यूना बनवला. एकाचा कमकुवतपणा दुसऱ्याने झाकायचा, हा त्यातला विचार.

हा विचार आपल्या स्वयंपाकघराला अगदीच अनोळखी नाही. जुन्नर-आंबेगावकडची मासवडी हे त्याचे अस्सल मराठी उदाहरण. शिजवलेल्या बेसनाची पारी, आत तीळ-खोबऱ्याचे सारण, आणि कापल्यावर माशाच्या तुकडीसारखी दिसणारी वडी. नावात मास, ताटात चणा! बंगालमध्ये हरभऱ्याच्या डाळीच्या वड्यांचा 'धोका' रश्श्यात शिजतो. त्याचे तर नावच फसवणूक. आपल्या कोकणात श्रावण पाळणारे मासेखाऊ नीरफणसाचे आणि सुरणाचे काप रवा लावून तळतात. या पदार्थांचा मोठेपणा असा की, ते माशाचा आव आणत नाहीत. तिखट-मीठ, रव्याचे कुरकुरीत कवच आणि तव्याचा खरपूसपणा एवढेच ते माशाकडून उसने घेतात. आतला घास आपला आपला ठेवतात.

वासाचे गणित

चवीचा प्रश्न घासाहून नाजूक आहे. ताज्या मासळीला जो हलका, हिरवट, समुद्रासारखा वास असतो, तो माशाच्या चरबीवर एका प्रकारच्या विकराने केलेल्या कामातून येतो. गंमत अशी की, त्याच कुळातले विकर सोयाबीन आणि वाटाण्यातही असते. तिथे त्याला माशाची चरबी मिळत नाही, दाण्याचे तेल मिळते, आणि त्यातून निघतो तो कच्च्या शेंगेचा उग्र दर्प. म्हणजे माशाचा सुगंध आणि सोयाचा दुर्गंध ही एका घराण्यातली भावंडे आहेत. गृहिणी सोयाच्या वड्या उकळून, घट्ट पिळून ते पाणी टाकून देते, तेव्हा नकळत ती सुरिमीच्या कारखान्यातलेच काम करत असते. वास धुवायचा, घास ठेवायचा.

दुसरी अडचण अशी की, प्रथिने सुगंध गिळतात. वरून घातलेल्या वासाचे काही रेणू प्रथिनाला चिकटून बसतात आणि नाकापर्यंत पोहोचतच नाहीत. जितके प्रथिन अधिक, तितका सुगंध अधिक ओतावा लागतो. खर्च वाढतो आणि चव कृत्रिम लागू लागते. यावर काही उत्पादक सोपी पळवाट काढतात. ते प्रथिनच कमी करतात. कोंजॅक नावाच्या, आपल्या सुरणाच्या नात्यातल्या कंदाचे पीठ, टॅपिओकाचा स्टार्च आणि शेवाळातला डिंक यांची कोळंबी दाताखाली झकास लागते. वास ती पटकन घेते आणि देतेही. तिच्यात कमी पडते ते फक्त प्रथिन.

मासळी शिळी होऊ लागली की सुटणारा वास वेगळा. तो अमाइन जातीच्या द्रव्याचा. आंबट पदार्थ त्याला बांधून ठेवतो. कालवणात आमसूल पडते ते काही केवळ आंबटपणासाठी नाही. आणि बांगड्याच्या कालवणातल्या तिरफळांचा दरवळ ज्याने घेतला आहे, त्याला 'माशाची चव' म्हणून आपण जे ओळखतो त्यातला केवढा भाग मसाल्याचा आहे हे सांगावे लागणार नाही. या बाबतीत कोकणी पाककलेला मोठा हात आहे. पण मसाला वास देईल, घास देणार नाही आणि पोषण तर मुळीच देणार नाही.

पाकिटात पोषण किती?

इथे हा विषय चवीढवीचा राहत नाही. किनाऱ्यावरच्या सामान्य माणसाला मासळी हे रोजचे, परवडणारे प्रथिन होते. शंभर ग्रॅम मासळीत साधारण १८ ते २० ग्रॅम प्रथिन मिळते आणि तेही सर्व आवश्यक घटकांसह. क्रॅब स्टिकमध्ये स्टार्च आणि पाणी मिसळल्यावर ते सात-आठ ग्रॅमवर येते. कोंजॅकच्या कोळंबीत जवळजवळ शून्य. ज्याला हल्ली शाकाहारी मांस म्हणून मिरवले जाते त्या कोवळ्या फणसात दोन-तीन ग्रॅम. फणसाची भाजी उत्तमच लागते, तिचे रेषेही दिसायला मांसासारखे. पण ते रेषे तंतुमय पदार्थाचे आहेत, प्रथिनाचे नाहीत. मासळी सोडून त्यावर भागवणाऱ्याने हे समजून घेतले पाहिजे. उलट सोयाबीनमध्ये ३६ ते ४० टक्के, मुगात सुमारे २४, कुळथात सुमारे २२ टक्के प्रथिन असते. कडधान्यात मेथिओनिन कमी, गव्हात लायसिन कमी. दोन्ही एकत्र आली तर उणीव भरून निघते. आपल्या पूर्वजांनी डाळ-भाताची जोडी जमवली ती प्रयोगशाळा न पाहता! माशातून मिळणारे बी-१२ जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ स्निग्धाम्ले मात्र डाळीत नाहीत. ती बाहेरून घालावी लागतात, आणि घातली आहेत की नाहीत हे पाकिटावर पाहावे लागते.

वीगनचे चिन्ह ग्राहकाला पदार्थात काय नाही ते सांगते. काय आहे ते सांगत नाही. प्रथिनाचा आकडा पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेला असतो आणि घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते. पाण्यानंतरचे पहिले नाव स्टार्चचे असेल तर ती मासळीची नक्कल नाही, मासळीच्या भावात विकलेली खीर आहे. माशाचे नाव लावून, माशाचे चित्र छापून जो माल विकायचा, त्यावर प्रथिन कोणते आणि किती हे दर्शनी बाजूला ठळकपणे छापण्याची सक्ती असावी. ही मागणी शहरातल्या ग्राहक संघटनांइतकीच किनाऱ्यावरून यायला हवी. माशाची पत काय असते हे किनाऱ्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे?

रत्नागिरीने काय करावे?

मच्छीमाराच्या मनात एक शंका येईल. आधीच समुद्रात मासळी कमी. पर्ससीनचे आणि एलईडी दिव्यांचे वाद चालू. त्यात ही बिनमाशाची मासळी आमच्या पोटावर पाय देणार का? शंका रास्त आहे. पण नीट पाहिले तर पापलेट, सुरमई, हलवा यांच्या तुकडीला वनस्पतीकडून धोका नाही. ती पापुद्र्यांची रचना अजून कुणाला नीट साधलेली नाही, आणि मिरकरवाड्याच्या बंदरावर पाटीतला मासा कल्ले उघडून पाहणारे गिऱ्हाईक पाकिटाने फसणारे नाही. खरी स्पर्धा होऊ शकते ती जिथे मासा आधीच दळला, धुतला आणि बेचव केला जातो तिथे. म्हणजे कांडी, फिंगर, कटलेट, बॉल यांच्या बाजारात. ज्या पदार्थातून माशाची चव माणसाने स्वतःच काढून टाकली आहे, तिथे माशाचाच हट्ट कशाला?

या प्रश्नाला समुद्राचीही बाजू आहे. कमी भावाच्या मासळीला मागणी वाढली की ट्रॉलरच्या जाळ्यात येणारी लहान, वाढ न झालेली मासळीही विकली जाते. २०२३ साली राज्य सरकारने पापलेटला राज्यमाशाचा मान दिला आणि ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. नियम झाला. तो पाळला जायचा तर लहान मासळीची भूक कुठेतरी कमी व्हायला हवी. कांडीतला काही भाग कडधान्याच्या प्रथिनाने भरला गेला तर त्या भुकेला थोडा तरी आळा बसेल. सुरिमीच्या पदार्थांत सोया आणि ग्लुटेन पूरक म्हणून घालण्याची पद्धत जगात आहेच. अट एवढीच की, ते उघडपणे सांगून व्हावे, भेसळीसारखे चोरून होऊ नये.

हे काम करायला रत्नागिरीइतकी योग्य जागा देशात थोड्याच असतील. प्रथिनाची जाळी बसवण्याचा, गोठवण्याचा, घडी घालून पारखण्याचा दीर्घ अनुभव इथल्या कारखानदारीत आहे. शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून मत्स्यप्रक्रियेचे पदवीधर घडवते आहे. ते ज्या विद्यापीठाचे आहे, त्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात कडधान्यांवरही संशोधन होते. भाताची कापणी झाल्यावर जमिनीतल्या उरलेल्या ओलाव्यावर कुळीथ, वाल, चवळी, मूग घेणारा शेतकरी त्याच तालुक्यात आहे. मत्स्यविद्या आणि शेतीविद्या एका विद्यापीठाच्या छपराखाली असताना त्यांनी एकमेकींचे तोंड का पाहू नये? कुळथाच्या प्रथिनाची जाळी कशी बसते, वालाचा कडवटपणा किती धुण्यात जातो, मूग आणि राणी मासा यांचे मिश्रण घडीच्या परीक्षेत कितपत उतरते, हे विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचे विषय व्हावेत. नाहीतर होईल ते नेहमीचेच. परदेशातून आयात केलेले वाटाण्याचे प्रथिन, परगावची यंत्रे, मुंबईचे वेष्टन, आणि कोकणच्या वाट्याला पाकिटावरचे समुद्राचे चित्र.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की कोकणात कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा एका ताटात येतात. त्या ताटात दाणा दाण्यासारखा असतो आणि मासा माशासारखा. दोघांनाही एकमेकांचे सोंग घ्यावे लागत नाही, आणि दोघांतही प्रथिन खरे असते. उद्या कारखान्यात दाण्याला माशाचे सोंग द्यायचेच असेल तर जरूर द्यावे. घास जमवावा, वास जमवावा. मात्र खाणाऱ्याच्या पोटात जाणारे प्रथिन तेवढे खरे असावे. सोंगाच्या पाकिटाला किनाऱ्याने एवढी एक अट घातली, तर त्याला भिण्याचे कारण उरणार नाही.